पाहुण्याची वही आणि बुलढाण्याची खेडी

पत्रकारिता शिकणाऱ्या मुलामुलींमध्ये अलीकडे एक नवी ओढ दिसते. पदवी पुरी होत आली की दोन-तीन महिने परदेशात उमेदवारी करायची, म्हणजेच इंटर्नशिप. एखाद्या वृत्तपत्रात किंवा संस्थेत राहायचे आणि तिथली खेडी, शेती, सण, चालीरीती यांवर लिहायला शिकायचे. उलट दिशेनेही ये-जा चालू असते. युरोप-अमेरिकेतले विद्यार्थी काही आठवड्यांसाठी भारत, नेपाळ, घाना अशा देशांतल्या खेड्यांत येतात आणि आपल्याविषयी लिहून जातात.

घरातल्या मुलीने किंवा मुलाने असा विषय काढला की अम्मी-अब्बांचे प्रश्न ठरलेले असतात. कुठे जाणार? कोणाकडे राहणार? खर्च किती? आणि शिकून येणार काय? पहिल्या तीन प्रश्नांकडे आपण लेखाच्या शेवटी येऊ. चौथा प्रश्न मोठा आहे. परक्या गावात पाहुणा म्हणून राहून तिथल्या माणसांबद्दल खरे लिहिणे ही विद्या नेमकी कोणती, हे समजून घेण्यासाठी आम्ही बुलढाणा जिल्हा समोर ठेवला आहे. गेल्या काही वर्षांत बाहेरचे कॅमेरे आणि वह्या या जिल्ह्यात वारंवार आल्या. त्यांना काय दिसले आणि काय निसटले, हे पाहिले की या शिक्षणाचे मोल आपोआप कळते.

घाटावर आणि घाटाखाली

बुलढाण्याचा माणूस आपल्या जिल्ह्याचे दोन भाग सांगतो, घाटावरचा आणि घाटाखालचा. घाटावर बुलढाणा, चिखली, मेहकर, लोणार, देऊळगाव राजा, सिंदखेड राजा. घाटाखाली मलकापूर, नांदुरा, खामगाव, शेगाव, जळगाव जामोद, संग्रामपूर आणि पायथ्याचा मोताळा. तेरा तालुके, २०११ च्या जनगणनेनुसार सुमारे २५ लाख ८६ हजार लोक आणि त्यांतले पाचांपैकी जवळपास चार जण खेड्यात राहणारे. खाली पूर्णा नदीच्या खोऱ्यात खारपाण पट्टा आहे. तिथले भूजल खारट, त्यामुळे विहीर असूनही पाण्याची चिंता सुटत नाही. वर सोयाबीन, खाली कापूस. वरचे प्रश्न वेगळे, खालचे वेगळे. बाहेरून आलेला पत्रकार ‘विदर्भातला दुष्काळी जिल्हा’ अशा एका शब्दात सारे उरकतो, तेव्हा हा घाटच त्याच्या लिखाणातून गायब होतो.

जुने पाहुणे

परक्या मुलखात जाऊन तिथले जीवन लिहून ठेवण्याची परंपरा आपल्याला नवी नाही. अल-बिरूनी सुमारे हजार वर्षांपूर्वी भारतात आले. इथले लोक काय मानतात हे समजण्यासाठी ते संस्कृत शिकले, पंडितांजवळ बसले आणि १०३० च्या सुमारास ‘किताब-उल-हिंद’ लिहिली. ज्या श्रद्धा त्यांच्या स्वतःच्या नव्हत्या, त्याही मानणाऱ्यांच्या बाजूने नीट मांडायच्या, हा वादविवादाचा ग्रंथ नाही, अशी भूमिका त्यांनी सुरुवातीलाच घेतली. आजच्या पत्रकारितेच्या वर्गात पहिला धडा म्हणून हे शिकवावे, इतके ते नवे वाटते.

इब्न बतूता १३२५ मध्ये टँजियरहून निघाले तेव्हा जेमतेम एकवीस वर्षांचे होते. दिल्लीच्या सुलतानाचे काझी राहून पुढे चीनकडे वकील म्हणून निघाले, तेव्हा ते दौलताबाद आणि नंदुरबारवरून गेले. तिथले मराठे भात, भाजी, तिळाचे तेल खातात, कारागिरीत हुशार आहेत, असे त्यांनी नोंदवले. मात्र त्यांचा प्रवासग्रंथ त्यांनी घरी परतल्यावर आठवणीतून सांगितला आणि दुसऱ्याने तो लिहून घेतला. म्हणूनच त्यातले काही तपशील एकमेकांशी जुळत नाहीत आणि अभ्यासक आजही त्यांवर वाद घालतात. वही सोबत ठेवावी आणि त्याच दिवशी लिहावे, हा धडा त्यांच्याकडूनही मिळतो.

बुलढाण्याची नोंद तर अबुल फझल यांच्या ‘आईन-ए-अकबरी’त सापडते. वऱ्हाड सुभ्यातल्या मेहकर सरकारात लोणार येते. तिथल्या डोंगरात काच आणि साबण करण्याचे साहित्य मिळते, हे त्यांनी लिहून ठेवले. उल्कापाताने झालेले हे सरोवर विवर म्हणून जगाला नंतर कळले. अबुल फझल यांची नजर मात्र तिथले लोक त्या क्षारांचे काय करतात याकडे गेली. जून २०२० मध्ये सरोवराचे पाणी गुलाबी झाले, तेव्हा त्याची छायाचित्रे जगभर छापून आली. क्षारांत वाढणाऱ्या सूक्ष्मजीवांमुळे हा रंग आला, असे पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेच्या तपासणीत दिसले. त्याच वर्षी लोणारला आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, म्हणजे रामसर स्थळाचा दर्जा मिळाला. रंगाची बातमी सगळ्यांनी दिली. सरोवराभोवतीच्या शेतकऱ्याचे आणि गुराख्याचे जगणे या नव्या दर्जाने कसे बदलले, हे लिहायला फार थोडे जण थांबले.

भेंडवळची घटमांडणी

जळगाव जामोद तालुक्यात पूर्णेकाठी भेंडवळ हे गाव आहे. अक्षय्य तृतीयेच्या संध्याकाळी तिथे शेतात घट मांडतात. चंद्रभान महाराज वाघ यांनी सुरू केलेली ही प्रथा साडेतीनशे वर्षांची असल्याचे गाव सांगते. जमिनीवर गोल आखून त्यावर अठरा प्रकारची धान्ये ठेवतात. मधोमध खड्डा, त्यात पावसाळ्याच्या चार महिन्यांची चार ढेकळे, त्यांवर पाण्याची घागर आणि घागरीवर पुरी, पापड, कुरडई, करंजी, पानसुपारी. रात्रभर तिथे कोणी जायचे नाही. पहाटे घटात काय हलले, काय भिजले हे पाहून पाऊस, पीक आणि राज्यकारभार यांचे भाकीत सांगतात. दुसऱ्या दिवशी ते साऱ्या राज्यात छापून येते.

या भाकिताला शास्त्राचा आधार नाही, असे अंधश्रद्धा निर्मूलनाचे कार्यकर्ते वारंवार सांगत आले आहेत. उद्याचे ज्ञान केवळ अल्लाहला, ही आपल्या वाचकांची धारणा. म्हणून भेंडवळला जाऊन लिहायचेच नाही का? जरूर लिहावे. कुंडलीसारखा मथळा करून थांबणे हेच चुकीचे. त्या अठरा धान्यांच्या यादीकडे पाहा. गहू, ज्वारी, तूर, हरभरा यांच्या सोबत तिथे जवस, करडी, भादली, मठ, अंबाडीही असते. ही एका काळच्या शेताची मोजदादच आहे. यातली किती धान्ये आज त्याच शिवारात पेरली जातात? घटासाठी भादली कुठून आणावी लागते? पेरणीचा निर्णय घेताना शेतकरी भेंडवळचे ऐकतो की हवामान खात्याचे, की कृषी केंद्रवाल्याचे? हे तीन प्रश्न घेऊन गावात आठ दिवस राहिले, तर तिथला शेतीचा बदल हाती लागतो. भाकिताची बातमी एका सकाळी मिळते. ही बातमी मिळवायला गावात राहावे लागते.

सैलानीचा चेहरा

बुलढाण्याजवळ पिंपळगाव सराईच्या परिसरात सैलानी बाबांचा दर्गा आहे. होळीच्या सुमारास तिथे मोठी यात्रा भरते. नारळांची होळी पेटते, संदलची मिरवणूक निघते. येणाऱ्यांत हिंदू आणि मुस्लिम दोन्ही असतात. मानसिक आजाराने त्रासलेल्या माणसांना घेऊन दूरदूरची कुटुंबे इथे येतात. दर्ग्यावर जाण्याविषयी आपल्या समाजात मतभेद आहेत. ते इथे सोडवायचे नाहीत. आमचा मुद्दा वेगळा आहे.

कॅमेरा घेऊन आलेल्या पाहुण्याला इथे सर्वांत आधी काय दिसते? केस मोकळे सोडून घुमणारी बाई. तिचा फोटो हमखास छापला जातो. ती कोणाची तरी बहीण आहे, मुलगी आहे. तिच्या तालुक्यात मानसोपचाराची सोय आहे का, तिथवर जायला एसटी मिळते का, औषधाचा खर्च किती, हे विचारले तर बातमी होते. नुसता चेहरा छापला तर तिची बदनामी होते. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ ने अशा रुग्णाला साखळीने बांधायला पूर्ण बंदी केली आहे. उपचार घेणाऱ्या रुग्णाचे छायाचित्र त्याच्या संमतीवाचून माध्यमांना देता येत नाही, असेही त्यात म्हटले आहे. रुग्णालयातल्या माणसाला जो न्याय, तोच दर्ग्याच्या ओट्यावर बसलेल्या माणसालाही द्यायला हवा. कायद्याची नजर तिथवर पोचो न पोचो, लिहिणाऱ्याची पोचली पाहिजे. माणसाची इज्जत ही लिहिणाऱ्याकडे ठेवलेली अमानत आहे.

केस गळले आणि बातम्या पसरल्या

डिसेंबर २०२४ च्या अखेरीस शेगाव तालुक्यातल्या बोंडगाव, काळवड, हिंगणा या गावांत लोकांचे केस अचानक गळू लागले. काही दिवसांत टक्कल पडे. पुढे सुमारे १८ गावांतल्या पावणेतीनशेच्या आसपास लोकांची नोंद झाली. त्यात मुले होती, बायाही होत्या. वाहिन्यांनी ‘टक्कल व्हायरस’ असे नाव देऊन टाकले. विषाणू सापडलेला नव्हता, नाव मात्र घरोघर पोचले. कोणी पाण्याला दोष दिला, कोणी शाम्पूला. परदेशी माध्यमांतही बातम्या झळकल्या. इकडे त्या गावांतली पोरे शाळा-कॉलेजात जायला संकोचू लागली, लग्नाची बोलणी अडू लागली.

भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेचे पथक आले, नमुने घेतले गेले. विंचूदंशावरील संशोधनासाठी ओळखले जाणारे महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनीही स्वतः गावांत जाऊन नमुने तपासून घेतले. रेशनवर आलेल्या गव्हातल्या सेलेनियमच्या अति प्रमाणाकडे त्यांनी फेब्रुवारी २०२५ मध्ये बोट दाखवले. आता विचार करा, पहिल्या आठवड्यात एखाद्या वार्ताहराने पाच बाधित आणि पाच निरोगी घरांच्या चुली पाहून, कोण काय खाते, पीठ कुठले, पाणी कुठले, एवढी यादी केली असती तर? खेड्यातली पत्रकारिता बहुतेकदा अशाच साध्या याद्यांनी होते. सूरह हुजुरातमध्ये आलेली बातमी तपासून पाहण्याची ताकीद आहे, नकळत एखाद्या समूहाला इजा होऊन मागून पस्तावण्याची वेळ येऊ नये म्हणून. ती आपण घराघरांत वाचतो. मोबाइलवर ‘टक्कल व्हायरस’ पुढे ढकलताना किती जणांना आठवली?

मग परदेशात शिकायचे काय?

जिथे हे काम शिस्तीने शिकवले जाते अशा जागा जगात आहेत. अमेरिकेतल्या मिसुरी विद्यापीठाचे पत्रकारितेचे विद्यालय १९०८ मध्ये सुरू झाले. तिथल्या शिक्षकांनी १९४९ पासून चालवलेली छायाचित्र कार्यशाळा आम्हाला विशेष वाटते. दरवर्षी मिसुरीतले एखादे छोटे गाव निवडतात. वेगवेगळ्या ठिकाणांहून आलेले छायाचित्रकार आठवडाभर तिथे राहतात. आधी गावात फिरून माणूस शोधायचा, गोष्ट काय आहे हे शिक्षकांना पटवायचे, मगच कॅमेरा उचलायचा. सबंध आठवड्यात ४०० छायाचित्रांची मर्यादा. शेवटी साऱ्यांचे प्रदर्शन त्याच गावात, गावकऱ्यांसमोर लागते. ज्याचा फोटो काढला तो उद्या समोर उभा राहून पाहणार आहे, हे माहीत असले की हात आपोआप सांभाळून चालतो.

त्याच देशात आज दोनशेहून अधिक काउंटींत, म्हणजे आपल्या जिल्ह्यासारख्या भागांत, एकही स्थानिक वृत्तपत्र वा वृत्तमाध्यम उरलेले नाही. केंटकी विद्यापीठात तर ग्रामीण पत्रकारितेसाठी स्वतंत्र संस्था आहे. खेड्याची बातमी न लिहिली गेल्याचे नुकसान तिथेही लोक सोसत आहेत. आपल्या मुलांना परदेशात हे पाहायला मिळाले तर बरेच झाले. तिकडचे सगळेच चांगले, हा भ्रमही उतरेल.

पाहुणा म्हणून येऊन इथलाच झालेल्या एका माणसाचे उदाहरण महाराष्ट्रात आहे. गी प्वातवँ हे मूळचे फ्रान्सचे. १९७० च्या दशकात पुण्यात आले, भारतीय नागरिक झाले आणि २००४ मध्ये त्यांचे निधन होईपर्यंत इथेच राहिले. हेमा राईरकर यांच्यासह त्यांनी खेड्यांतल्या बायांच्या जात्यावरच्या ओव्या गोळा करण्याचे काम उभे केले. हजाराहून अधिक गावांतून लाखावर ओव्या जमल्या. हे काम गावातल्याच बायांनी पुढे नेले, म्हणूनच इतके वाढले. आता या ओव्या पी. साईनाथ यांनी २०१४ मध्ये सुरू केलेल्या ‘पारी’ या ग्रामीण भारताच्या संग्रहात ऐकायला मिळतात. साईनाथ यांनी स्वतः १९९० च्या दशकात देशातले अतिगरीब जिल्हे पालथे घातले. त्या लिखाणाचे पुस्तक १९९६ मध्ये आले आणि २००७ मध्ये त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. ‘पारी’ने विद्यार्थ्यांनाही लिहिण्याची, उमेदवारीची संधी दिली आहे, आणि तिथले लेख मराठीतही वाचायला मिळतात.

आपल्या मुलांपाशी काय आहे

बुलढाण्याच्या एखाद्या मुस्लिम घरातली मुलगी पाहा. घरात दखनी उर्दू, शाळेत प्रमाण मराठी, शेजारी वऱ्हाडी आणि पाठ्यपुस्तकात इंग्रजी. अल-बिरूनींना जे वर्षानुवर्षे कष्ट करून मिळवावे लागले, ते तिला अंगणात खेळताना मिळाले आहे. शिवाय घरातल्या आतल्या खोलीत, चुलीपाशी, बाळंतिणीच्या खाटेशी ती सहज बसू शकते. तिथली बातमी पुरुष वार्ताहराला मिळत नाही.

उत्तर प्रदेशातल्या चित्रकूटमध्ये २००२ साली ‘खबर लहरिया’ हे वृत्तपत्र सुरू झाले. दलित, आदिवासी, मुस्लिम स्त्रिया तिथे बातमीदार झाल्या. त्यांच्यावरचा ‘रायटिंग विथ फायर’ हा माहितीपट ऑस्करच्या अंतिम नामांकनापर्यंत गेला. कमी शिकलेल्या बाया हे करू शकल्या, तर आपल्या पदवीधर मुलींना कोणी अडवले आहे?

विषयही दाराशी पडले आहेत. बैलांना नाल ठोकणारा नालबंद ट्रॅक्टर आल्यावर काय करतो? कापसाच्या या मुलखात घरोघर फिरून गाद्या भरणारा पिंजारी आज कुठे आहे? कलईवाला, मणियार, शिकलगार यांच्या हत्यारांची नावे कोणी लिहून ठेवली आहेत? मोहरमच्या सवारीला आणि पोळ्याच्या तोरणाला एकमेकांच्या गल्लीतले कोण कोण हातभार लावत होते आणि आता काय उरले? ही माहिती सत्तरी ओलांडलेल्या दादा-नानींच्या डोक्यात आहे. ती लिहून घेणारा पाहुणा फ्रान्सहून येईल, याची वाट पाहण्याइतका वेळ त्यांच्यापाशी नाही.

पालकांनी पाहायच्या गोष्टी

आता राहिलेले तीन प्रश्न. परदेशातल्या उमेदवारीसाठी मुलाकडूनच मोठे शुल्क घेणाऱ्या मध्यस्थ कंपन्या पुष्कळ आहेत. शुल्क घेणे म्हणजे फसवणूकच असे नाही, पण मोबदल्यात काय मिळणार हे लेखी मागा. काम कोणत्या वृत्तपत्रात वा संस्थेत? शिकवणारा संपादक कोण? लेख त्याच्या नावाने छापला जाणार का? तिथे आधी जाऊन आलेल्या दोघांशी स्वतः बोला.

व्हिसा कामाला साजेसा हवा. पर्यटक म्हणून जाऊन पत्रकारिता करणे महागात पडते. अमेरिकेत उमेदवारीसाठी सामान्यतः जे-१ व्हिसा लागतो आणि त्यासाठी मान्यताप्राप्त प्रायोजक संस्थेने दिलेला डीएस-२०१९ हा कागद हवा. आरोग्य विमा काढा, राहण्याचा पत्ता व यजमान कुटुंबाची माहिती आधीच मागवा. हलाल जेवण, नमाजची वेळ, रमजान यांविषयी यजमानाला निघण्यापूर्वीच मोकळेपणाने कळवावे. बहुतेक घरे समजून घेतात, आणि त्या गप्पांतूनच ओळख वाढते. अडचण आली तर परराष्ट्र मंत्रालयाच्या ‘मदद’ पोर्टलवर तक्रार करता येते. जवळच्या भारतीय दूतावासाचा क्रमांक घरीही लिहून ठेवा.

आपल्याच घरी परदेशी विद्यार्थी उतरणार असेल तर त्याचा व्हिसा कोणत्या कामासाठी आहे ते पाहा. पत्रकारितेसाठी आणि उमेदवारीसाठी भारताचे व्हिसा वेगळे आहेत. तो आल्यावर चोवीस तासांच्या आत त्याची माहिती सरकारकडे ऑनलाइन नोंदवावी लागते. मेहमाननवाजी करावीच, तो फोटो कोणाचे काढतो आणि लिहिलेले आपल्याला दाखवणार का, हेही विचारावे. ते विचारल्याने पाहुणचारात उणे येत नाही.

जाऊ इच्छिणाऱ्या मुलामुलींना आमची एक विनंती आहे. अर्ज भरण्याआधी आपल्याच तालुक्यातल्या एका माणसावर हजार शब्द लिहा. त्याच्याकडे किमान तीनदा जा. त्याच्या धंद्यातले शब्द त्याच्याच तोंडून घ्या, आकडे दुसऱ्या ठिकाणी ताडून पाहा. लेख पुरा झाला की त्याच्यासमोर बसून मोठ्याने वाचा आणि तो जिथे मान हलवेल ती ओळ दुरुस्त करा. परदेशातला संपादक अर्जासोबत लिखाणाचा नमुना मागतोच. त्याला हाच पाठवा.